आपले तिथे काय असणार?

यंदा मे महिन्याच्या सुटीत युवकांची सहल कोठे न्यावी, हे ठरविण्यासाठी रविवारच्या मिस्सानंतर आम्ही मंडळी चर्चच्या ओट्यावर बसलो होतो. कोणी समुद्रकिनारा सुचविला, कोणी पाण्याच्या खेळांचा बगीचा. मी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे नाव काढले. थोडा वेळ कोणी बोलेना. मग मोखाड्याकडील एका पाड्यावरची, बारावीत शिकणारी मुलगी उठून म्हणाली, "फादर, तिथे आपलं काय असणार?"

तिच्या बोलण्यात कुरकुर नव्हती, साधे कुतूहल होते. "सगळ्यांचंच असतं गं," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण ते उत्तर माझे मलाच पटले नाही. त्या रात्री सहलीचा बेत कागदावर मांडायला बसलो, तेव्हा आधी या प्रश्नाचाच विचार करावा लागला.

ज्या वास्तूत आम्हांला जायचे आहे, तिची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसविण्यात आली. इमारत १९१४ मध्ये उभी राहिली. परंतु पहिले महायुद्ध सुरू झाल्याने तिथे जखमी सैनिकांसाठी इस्पितळ आले आणि संग्रहालय लोकांसाठी खुले व्हायला १० जानेवारी १९२२ चा दिवस उजाडावा लागला. त्याच संग्रहालयात आपल्या जिल्ह्याचा एक अनमोल ठेवा आहे. नालासोपाऱ्याजवळ सापडलेले सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे ते हेच. आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावात हाती आला. भुईगाव म्हटले की आमच्या वसईकर वाचकांना केळीच्या वाड्या, विहिरी आणि सोयरेधायरे आठवतात. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची राजाज्ञा त्याच मातीत पडून होती!

आठव्या लेखाचा आशय तर सहल आखणाऱ्या प्रत्येकाने मनाशी धरावा असा आहे. सोपाऱ्याला त्याचा काही भागच मिळाला. पूर्ण मजकूर गिरनार आदी ठिकाणच्या लेखांवरून कळतो. पूर्वीचे राजे मौजेखातर विहारयात्रांना निघत आणि शिकार करीत, असे अशोक सांगतो. राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी तो स्वतः बोधिस्थानी गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रांना आरंभ झाला. या यात्रांत श्रमण-ब्राह्मणांना भेटावयाचे, त्यांना दान द्यावयाचे, वृद्धांची विचारपूस करावयाची. आणि खेड्यापाड्यांतील लोकांचे दर्शन घेऊन त्यांच्याशी धर्माविषयी बोलावयाचे. राजाने प्रजेला दर्शन द्यावे ही सर्वांची परिचित रीत. इथे राजाच प्रजेच्या दर्शनाला निघतो. त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला या दगडापाशी मिळाले. उरलेल्या अर्ध्यासाठी मात्र जव्हारलाच परतावे लागले.

जव्हार संस्थानच्या स्थापनेची कथा इकडे सर्वांना ठाऊक आहे आणि जुन्या गॅझेटियरमध्येही तिची नोंद आहे. महादेव कोळी समाजातील जयबा मुकणे यांनी एका वारली नायकाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायकाने होकार देताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून, त्या एकीला एक जोडून मोठा प्रदेश वेढून घेतला. सेमिनरीत थोडेबहुत लॅटिन शिकलो, तेव्हा व्हर्जिलच्या महाकाव्यात हीच युक्ती वाचून मी चकित झालो होतो. तिथे दिदो राणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज वसविताना असेच कातडे वापरते. एकच कथा दोन भूमींत आढळते, म्हणून तिला घडलेला इतिहास मानताना विवेक हवा. परंतु कथा काय सांगते इतकेच पाहून भागत नाही, ती काय गाळते तेही पाहावे. मागणाऱ्याचे नाव आपल्याला पाठ आहे. ज्याने विश्वासाने 'घे' म्हटले, त्या वारली नायकाचे नाव मात्र ही कथा सांगताना मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

पुढचा इतिहास ठळक आहे. जयबांचे पुत्र नेमशहा यांच्या राजपदाला दिल्लीच्या सुलतानाने मान्यता दिली. तो दिवस ५ जून १३४३ चा मानतात आणि तेव्हापासून संस्थानचा स्वतंत्र शक सुरू झाला. शिवाजी महाराज १६६४ च्या सुरत स्वारीच्या वाटेवर इथे थांबले, जव्हारच्या राजांनी त्यांना शिरपेच दिला आणि म्हणून त्या माळाला शिरपामाळ नाव पडले, अशी परंपरा आहे. अखेरचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळातील जयविलास राजवाडा गुलाबी छटेच्या दगडात आजही उभा आहे. संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. राजांच्या पाठीशी शक आहे, माळ आहे, वाडा आहे. पाड्यावरच्या माणसाच्या पाठीशी काय आहे?

पुष्कळ आहे, पण ते काचेच्या कपाटात नाही. मोखाड्याचा बोहाडा पाहा. देवदेवता आणि राक्षसांचे मुखवटे घालून, मशालींच्या उजेडात, संबळ-सनईच्या तालावर सोंगे रात्रभर नाचतात. अमुक सोंग अमुक घराण्याने घ्यावयाचे, हा मान पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तोच मुखवटा संग्रहालयाच्या भिंतीवर टांगला, तर लाकूड आणि रंग दिसतील. त्यामागे घामाघूम झालेला शेजारी दिसणार नाही. वारली चौकाचेही तसेच. लग्नघरी सुवासिनी तांदळाच्या पिठाने तो भिंतीवर लिहितात, त्यात पालघट देवी बसते आणि लग्नाचे काम झाले की भिंत पुन्हा सारवली जाते. ही कला कागदावर आली ती १९७० च्या दशकात. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणीही लाभली. मात्र जगाने मान दिल्यावरच आपण आपल्या भिंतीकडे वळून पाहावे, ही खंत उरतेच.

इथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. पूर्वीच्या एका धर्मग्रामात चर्चची डागडुजी चालली असता जुनी सागवानी वेदी अडगळ म्हणून मी भंगारवाल्याला देऊन टाकली. नवी संगमरवरी वेदी सर्वांना आवडली. काही दिवसांनी एका वृद्ध बाईने विचारले, "फादर, जुनी वेदी कुठे ठेवलीत? माझं लग्न तिच्यासमोर झालं होतं." मी खाली मान घातली. माझ्या लेखी ते जुने लाकूड होते, तिच्या लेखी ती साक्षीदार होती. वस्तू नाहीशा होतात त्या चोरापेक्षा अधिक आपल्याच हातून, 'यात काय आहे' या दोन-तीन शब्दांनी.

म्हणून सहलीचा बेत आता तीन टप्प्यांचा केला आहे. पहिला टप्पा घरातला. प्रत्येकाने आपल्या घरची सर्वांत जुनी वस्तू शोधावी, मग ते जाते असो, कणगी असो वा तारपा. ती कोणी केली, कशासाठी केली, आता ती करणारे कोण उरले, हे वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहावे. दुसरा टप्पा जव्हारचा. राजवाडा आणि शिरपामाळ पाहावा आणि तिथे बसून कातड्याची कथा दोन्ही बाजूंनी सांगावी, एकदा राजाच्या आणि एकदा त्या वारली नायकाच्या. तिसरा टप्पा मुंबईचा. पहाटे चारला निघून विक्रमगड-मनोर मार्गे जायचे. संग्रहालयाच्या शिक्षण विभागाला आधी पत्र धाडायचे. सगळी दालने एका दिवसात पाहण्याचा हव्यास नको. त्याने पाय दुखतात आणि डोक्यात काही राहत नाही. सोपाऱ्याच्या शिळा पाहायच्या आणि योनाच्या निनवेची आठवण करून देणारी अश्शूरी शिल्पे पाहायची. तिसरी वस्तू ज्याची त्याने निवडायची. त्याच संग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून शाळांशाळांतून जाते. तिला आपल्याकडे बोलवावे, असाही विचार आहे.

सहलीला अजून अवकाश आहे. पण गेल्या रविवारी ती मुलगी आजीचे इरले घेऊन आली. बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे, पावसात पाठीवर घ्यायचे जुने इरले. पाड्यावर ते विणता येणारी आता एक आजीच उरली आहे, असे ती म्हणाली. मी तिला म्हटले, "मुंबईला जाण्याआधी आजीकडून शिकून घे." तिने वहीत इरल्याखाली आजीचे नाव लिहिले, आणि त्याखाली एक ओळ स्वतःसाठी मोकळी ठेवली.