समुद्राखालील चित्रशाळा व लेसरची मोजणी

दक्षिण फ्रान्समधील मार्सेय शहरानजीक चुनखडीचे पांढरे कडे सरळ भूमध्य समुद्रांत उतरलेले आहेत. तेथील मॉर्जिऊ भूशिराच्या पोटांत, पाण्याखालीं ३७ मीटरांवर, एका विवराचें तोंड आहे. तेथून शंभर मीटरांहून अधिक लांबीचा अरुंद व चढता बोगदा पार केला म्हणजे पाणबुड्याचें डोकें एकदम हवेंत निघतें. १९८५ सालीं आंरी कोस्के हा पाणबुड्या त्या दालनांत प्रथम पोंचला. भिंतीवरील माणसाच्या हाताची आकृति मात्र त्याच्या ध्यानांत आली ती १९९१ सालीं. त्याच वर्षीं तीन पाणबुडे त्या बोगद्यांत प्राणास मुकले, आणि त्यानंतर ही गुहा सरकारदरबारीं जाहीर झाली. कित्येक विद्वानांना प्रथम हा सारा बनाव वाटला. त्या प्रांतांत अशा चित्रांची कोणास अपेक्षाच नव्हती. अखेर चित्रांतील कोळशाचें वय काढल्यावर वाद मिटला.

गुहेंतील सर्वांत जुन्या खुणा सुमारें ३३,००० वर्षांपूर्वींच्या आहेत. घोडे, गवे, रानबोकड यांच्या जोडीला तेथें सील आहेत, आणि मोठा ऑक नांवाचे, उडतां न येणारे तीन पक्षीही आहेत. ऑकची ही जाति १८४४ च्या सुमारास पृथ्वीवरून नाहींशी झाली! हीं चित्रें काढणारे लोक पाण्यांतून आले नव्हते. हिमयुगाच्या ऐन भरांत समुद्राची पातळी आजच्याहून सुमारें १२० मीटर खालीं होती. किनारा कित्येक किलोमीटर दूर होता, व माणसें पायींच आंत जात. पुढें हिम वितळलें, समुद्र चढला, आणि गुहेचा सुमारें चार-पंचमांश भाग बुडाला. उरलेल्या भागांतही पाणी वर सरकत आहे.

अशा स्थळाची नोंद करावी कशी? जुन्या पद्धतींत चित्रावर पातळ कागद धरून रेषा गिरवीत. धर्मोपदेशक व संशोधक आंरी ब्रय यांनीं अशा नकलांत आयुष्य वेंचलें, व त्यांचे श्रम थोर आहेत यांत संशय नाहीं. परंतु भिंत म्हणजे सपाट पाटी नव्हे. अश्मयुगीन चित्रकार खडकाच्या फुगवट्यांतूनच जनावराचें पोट किंवा खांदा साधीत असे. कागदावर तो फुगवटा येत नाहीं. शिवाय कागदाचा स्पर्श भिंतीस अपाय करतो, तो वेगळाच.

येथें लेसर यंत्र उपयोगी पडलें. १९९४ सालींच फ्रान्सच्या राष्ट्रीय वीजसंस्थेनें या गुहेची पहिली लेसर-मोजणी केली. यंत्र जलाभेद्य पेटींत घालून त्याच बोगद्यांतून न्यावें लागतें. त्यांतून निघणारा प्रकाशाचा बारीक किरण भिंतीवर पडून परततो, आणि किरणाची दिशा व परतीचा वेळ, किंवा कांहीं यंत्रांत कोन, यांवरून त्या बिंदूचें स्थान निश्चित होतें. असे लक्षावधि बिंदु एकत्र आले कीं भिंतीची हुबेहूब घडण संगणकांत उभी राहते. मग संशोधकाला घरबसल्या तिच्यावर वाटेल त्या बाजूनें प्रकाश टाकतां येतो. मऊ चुनखडीवर बोटांनीं ओढलेल्या रेघा तिरप्या प्रकाशांत जशा स्पष्ट होतात, तशा समोरून पाहतांना कधींच दिसत नाहींत.

मात्र लेसरला आकार कळतो, काळा कोळसा कळत नाहीं. म्हणून मोजलेल्या घडणीवर छायाचित्रें बिंदूला बिंदु जुळवून बसवावीं लागतात, आणि या जुळणींतच खरें कौशल्य आहे. पुढें अधिक सूक्ष्म मोजण्या झाल्या, व त्यांच्या आधारें मार्सेयच्या बंदरावर २०२२ सालीं मूळ गुहेची संक्षिप्त प्रतिकृति लोकांस खुली झाली. मूळ गुहेचें तोंड बंदच असतें. आंत मोजके संशोधक तेवढे जातात.

सर्वांत मोठी चिंता पाण्याच्या कांठाशीं असलेल्या काळ्या घोड्यांची आहे. त्यांच्या भिंतीचा खालचा भाग मोजणीपूर्वींच पाण्यानें धुवून गेला, व तो परत आणण्यास यंत्र असमर्थ आहे. वरच्या भागाची मात्र आतां तारीखवार मापें आहेत. नवें माप जुन्यावर ठेवलें कीं समुद्रानें मधल्या काळांत कोठें किती खडक नेला, तें पाहतां येतें.