नाताळ-गंमतगीते, दूरचित्रवाणी कलावंतांची

दूरचित्रवाणीवरील परिचित नटनट्यांनी नाताळच्या हंगामासाठी ध्वनिमुद्रित केलेली हलकीफुलकी गाणी. हा प्रकार मुख्यतः अमेरिका व ब्रिटनमध्ये रुजला. ‘बोनान्झा’ मालिकेतील लॉर्न ग्रीन, मायकल लँडन आदी नटांची ‘ख्रिसमस ऑन द पाँडेरोसा’ ही तबकडी १९६३ मध्ये निघाली. टेक्ससमध्ये वाट चुकलेल्या सांताक्लॉजचे गाणे तीत आहे. त्याच वर्षी रंगभूमी, चित्रपट व दूरचित्रवाणीवर वावरणाऱ्या ब्रिटिश अभिनेत्री डोरा ब्रायन यांनी नाताळची भेट म्हणून ‘बीटल्स’ या संगीतवृंदातील एखादा ‘बीटल’ मागणारे गाणे गायले. ते ब्रिटिश विक्रीयादीत २० व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. १९८७ मध्ये विनोदी नट मेल स्मिथ यांनी किम वाइल्ड या गायिकेसह ‘कॉमिक रिलीफ’ मदतनिधीसाठी ब्रेंडा ली यांचे जुने नाताळगीत नव्याने गायले. कलावंताची घरोघरची ओळख हेच या गाण्यांचे भांडवल असते. ती ओसरली की बहुतेक गाणी मागे पडतात. म्हणून लोकरंजनाच्या इतिहासासाठी त्यांचे जतन महत्त्वाचे ठरते.