तळटीप : ‘अंधेरीच्या राजा’च्या उल्लेखाविषयी

* इथे आधार एमिल दुरखीमच्या १९१२ च्या ग्रंथाचा आहे : देवाभोवती जमलेला समाज नकळत स्वतःचीच पूजा करतो. झेंड्यासाठी मरणाऱ्या सैनिकाचे उदाहरण दुरखीमचेच. आपल्याकडे टिळकांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेव्हा घरातला देव मांडवात आला. आरतीला जमलेली माणसे तिथेच बसून व्याख्याने आणि मेळ्यांची पदे ऐकू लागली. राष्ट्र ही कल्पना त्यांना पुस्तकाआधी तिथे भेटली. आझादनगरच्या कामगारवस्तीत १९६६ मध्ये बसलेला अंधेरीचा राजा याच परंपरेतला. त्याचे विसर्जन अनंत चतुर्दशीला होत नाही. ते पुढच्या संकष्टीला वेसाव्याच्या समुद्रात होते. वस्तीने आपले पंचांग वेगळे ठेवले, हे मला फार बोलके वाटते.

मात्र लेखकाने एक बाजू सोडली आहे, ती नोंदवायलाच हवी. सार्वजनिक उत्सवाला जोर चढला तो ऑगस्ट १८९३ च्या मुंबईतील हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर. त्याआधी पुण्याच्या मोहरमात हिंदूही हौसेने ताबूत नाचवत. १८९४ पासून त्यांतले बरेचसे गणपतीच्या मिरवणुकीकडे वळले. — संपा.