व्यवसाय-संशोधन, विद्यार्थ्यांचे (सातारा व सांगली जिल्हे)

वाणिज्य, अर्थशास्त्र अथवा व्यवस्थापन या विषयांच्या विद्यार्थ्याने एखाद्या व्यवसायासंबंधी निश्चित प्रश्न उपस्थित करून, त्याचे उत्तर हिशेबाच्या वह्या, दस्तऐवज, प्रत्यक्ष पाहणी व मुलाखती यांच्या आधारे शोधण्याचा जो पद्धतशीर अभ्यास करावयाचा असतो, त्यास ही संज्ञा लावतात. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे १९६२ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात.

या प्रांतास अशा अभ्यासाची परंपरा नवी नाही. साताऱ्याचे रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात उभी राहिलेली गोखले अर्थशास्त्र संस्था व तिचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्यातील शेतीची पाहणी ‘धंदा’ या दृष्टीने केली व तिचा अहवाल १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. साताऱ्यातील रयत शिक्षण संस्थेच्या वाणिज्य महाविद्यालयास पुढे गाडगिळांचेच नाव देण्यात आले. घरच्या माणसांचे राबणे, घरचे बैल आणि घरीच खाल्लेले धान्य यांचे मोल कोणत्या दराने धरावे, हा अशा पाहणीतील मूळ पेच होय. साताऱ्यात कंदी पेढ्याच्या दुकानाचा जमाखर्च मांडणाऱ्या विद्यार्थ्यासही तो चुकत नाही. कारण मालकाची पत्नी दिवसभर गल्ल्यावर बसत असली तरी तिचा पगार कीर्दीत कोठेच पडत नाही, आणि तो न धरल्यास नफा उगाच फुगलेला दिसतो.

विषयाची निवड हीच बहुतेकांची पहिली ठेच ठरते. ‘ग्राहकांचे समाधान’ यासारखा ऐसपैस विषय घेऊन ओळखीच्या दुकानांतून प्रश्नावल्या भरून आणण्याचा जो प्रघात पडला आहे, त्यातून कागद पुष्कळ जमतात, ज्ञान मात्र बेताचेच हाती लागते. त्यापेक्षा एखादा व्यवहार आरंभापासून अखेरपर्यंत तपासणे श्रेयस्कर. सांगलीच्या बाजारपेठेत आलेल्या हळदीच्या एका लॉटची हिशेबपट्टी शेतकऱ्याकडे पाहावी, तीवरील वजन, दर, अडत, हमाली व तोलाई यांची अडत्याच्या वहीशी रुजवात घालावी, तोच माल खरेदीदाराकडे कोणत्या भावाने पडला हे पाहावे, म्हणजे खरेदीदाराच्या रुपयातील किती हिस्सा शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो, या प्रश्नाला निदान एका लॉटपुरते खरे उत्तर मिळते; असे पुरेसे लॉट पाहिल्यावरच सरासरीची भाषा करावी. साठवणीचा प्रश्नही असाच मोजण्याजोगा आहे. सांगलीजवळच्या हरिपूर येथे जमिनीतील पेवांत हळद ठेवण्याची जुनी रीत होती; २००५ च्या महापुरात पाणी शिरून पुष्कळ पेवे निकामी झाली. पेवाऐवजी गोदामात माल ठेवल्याने क्विंटलमागे खर्च किती पडतो, हे जुन्या व चालू पावत्या ताडून काढता येते.

प्रकाशित आकडे वापरताना सरहद्दींचे भान असावे. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून जुन्या दफ्तरातील ‘सातारा’ आजच्या साताऱ्याशी सरळ ताडू नये.

नमुन्याच्या निवडीत स्थळाइतकाच काळही पाहावा लागतो. हळदीचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडी भरात येतो, तर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्याची. दिवाळीच्या सुटीत सोयीने हळद-बाजार गाठणाऱ्यास मोकळे यार्डच पाहावयास मिळेल. खानापूर-आटपाडीकडील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर विखुरलेले आहेत; गावी राहून जे भेटतील त्यांच्यावरूनच त्या धंद्याविषयी अनुमान केल्यास, निवृत्त झालेले व परत आलेले तेवढेच मोजले जातात.

मुलाखतीचे कसब पुस्तकातून फारसे येत नाही. पेढीवर जाऊन ‘नफा किती?’ असे विचारल्यास ‘चाललंय बरं’ यापलीकडे उत्तर मिळत नाही, व तसे उत्तर देणाऱ्यास दोषही देता येत नाही. परंतु मागल्या आठवड्यात किती पोती घेतली, पैसे किती दिवसांच्या मुदतीने चुकते झाले, असे विचारल्यास तोच गृहस्थ वही उघडतो. प्रश्नावली आधी चार-पाच जणांवर पडताळून पाहावी. अडखळविणारे प्रश्न तेव्हाच गळतात. उत्तर ज्या दिवशी मिळाले त्याच दिवशी तारखेनिशी टिपणवहीत उतरवावे, कारण तोंडी परीक्षेत ‘हा आकडा आला कोठून?’ हाच प्रश्न हमखास येतो.

माहिती देणाऱ्याचे नाव अहवालात गाळणे सर्वत्र संमत आहे. तथापि ज्या तालुक्यात साखर कारखाना एकच, तेथे नाव गाळून काहीच झाकले जात नाही, म्हणून तेथील आकडे छापण्यापूर्वी मजकूर संबंधितांस दाखवून लेखी संमती घेणे इष्ट असते.