फाइल लहान, जागा मोठी

विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ असे दोन आकडे दिसतात. ते क्वचितच जुळतात. डिस्कवरील जागा ‘क्लस्टर’ नामक ठराविक मापाच्या कप्प्यांत विभागलेली असते आणि एका कप्प्यात दोन फाइल्स नांदू शकत नाहीत. एनटीएफएस पद्धतीत हा कप्पा सहसा ४ केबीचा असल्याने नासाडी फारशी जाणवत नाही. मात्र ३२ जीबीहून मोठा पेनड्राइव्ह विंडोजमधून एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केल्यास कप्पा सहसा १२८ केबीचा होतो. तेथे एकेक केबीच्या १० हजार फाइल्सचा ऐवज जेमतेम १० एमबीचा. पण तो सुमारे सव्वा जीबी जागा अडवतो! अशा फाइल्स एकाच झिप फाइलमध्ये बांधून ठेवाव्यात. डिफ्रॅगमेंट करून ही जागा सुटत नाही.

उलटही घडते. ‘वनड्राइव्ह’मधील एखाद्या मोठ्या फाइलपुढे दुसरा आकडा शून्य असेल, तर ती बहुधा केवळ इंटरनेटवरील साठ्यात आहे, संगणकावर तिचे नाव तेवढे उरलेले असते. इंटरनेट नसताना ती उघडणार नाही. प्रवासापूर्वी तिच्यावर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ हा पर्याय निवडावा.