आराखडा तोच, ताकद नवी: ‘परम ८०००’ ते ‘परम ८६००’
ग्राफिक्स कार्डांचे निर्माते मूळ आराखडा न मोडता एकाच पिढीत चिप सुधारत नेतात. पुण्याच्या सी-डॅकने महासंगणकाबाबत असाच मार्ग चोखाळला होता. १९९१ चा ‘परम ८०००’ इनमॉसच्या टी८०० ट्रान्सप्युटरांवर उभा होता. आपसांत संदेश पोहोचवण्यात ही चिप निष्णात. आकडेमोडीत मात्र लवकरच तोकडी पडली. सारेच मुळापासून बदलावे, तर कष्टाने लिहिलेले समांतर प्रोग्राम वाया जाण्याचा धोका. तेव्हा ‘परम ८६००’च्या प्रत्येक नोडमध्ये आकडेमोडीसाठी इंटेलची आय८६० चिप आली आणि सोबत चार ट्रान्सप्युटर राहिले. (आय८६० मध्ये त्रिमितीय चित्रणासाठीही खास सोय होती, हा योगायोग मोठा गमतीचा!) ‘पारस’ ही प्रोग्रामिंग प्रणाली कायम राहिल्याने जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर नेता आले, आणि ८६०० चा एक समूह ८००० च्या चार समूहांच्या तोडीचा ठरला.