काठीची राजवाडी होळी



इतिहास शिकविणाऱ्या माणसास एक खोड जडते. कोणतीहि गोष्ट कानीं आली कीं तो प्रथम तिचें साल विचारतो. माझीं नोकरीचीं सर्व वर्षें हाच प्रश्न विचारण्यांत गेलीं. मुलें सालें पाठ करीत, मी तीं तपाशीत असें, आणि तेवढ्यानें इतिहास शिकवून झाला असें आम्हां उभयतांस वाटे. एका उत्सवानें मात्र माझ्या या समजुतीस धक्का दिला. त्याविषयीं आज चार शब्द बोलणार आहें.

माझें गांव कळसाडी, नंदुरबार जिल्ह्यांतील. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळे जिल्ह्यापासून वेगळा झाला. ब्रिटिश अमदानींत हा सारा मुलूख पश्चिम खानदेशांत मोडत असे. आम्हां सपाटीवरच्या लोकांना उत्तरेस सातपुड्याची रांग रोज दिसते. परंतु त्या डोंगरांत पाऊल टाकण्याचा प्रसंग क्वचित् येतो. त्याच डोंगरांत, अक्कलकुवा तालुक्यांत, काठी नांवाचें गांव आहे. होळी पौर्णिमेच्या रात्रीं तेथें उघड्या आभाळाखालीं वाद्यांचा व नृत्याचा जो मेळा भरतो, त्यास राजवाडी होळी म्हणतात.

'राजवाडी' हें नांव उगीच पडलेलें नाहीं. खानदेशांत जीं सहा मेवासी संस्थानें गणलीं जात, म्हणजे चिखली, नाला, सिंगपूर, नवलपूर, गंगठा व काठी, त्यांपैकीं हें एक. १८१८ सालीं पेशवाई बुडाली व खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यांत गेला. पण सपाटीवरील अंमल डोंगरांत चालेना. १८२५ सालीं औट्रम साहेबानें भिल्लांचीच पलटण उभारली, ती याच अडचणीपोटीं. पुढें मेवासी प्रमुखांची सत्ता आक्रसत गेली आणि स्वातंत्र्यानंतर ती संपली. राज्य गेलें, तरी होळीच्या रात्रींचा राजघराण्याचा मान लोकांनीं राखला आहे.

लोकपरंपरा या होळीचा आरंभ सन १२४६ पासून सांगते. हें साल शिलालेखावर नव्हे, लोकस्मृतीवर उभें आहे, हें मी आरंभींच सांगून टाकतों. परंतु योगायोग पाहा. देवगिरीस यादव राजा सिंघण याच्या कारकीर्दीची अखेर याच सुमाराची. त्याच्याच पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' हा थोर ग्रंथ रचिला. त्याचे अध्याय सात. सहावा वाद्यांवर, सातवा नृत्यावर. चामड्यानें मढविलेल्या वाद्यांस अवनद्ध म्हणावें, असें शास्त्रकारांनीं सांगितलें. तें शास्त्र पोथ्यांतून आपल्यापर्यंत आलें. सातपुड्यांतल्या ढोलास पोथी नव्हती. मग तो कसा टिकला?

हा प्रश्न मला नोकरींत असतांना सुचावयास हवा होता. दरवर्षीं फाल्गुन लागला कीं माझ्या वर्गांतील डोंगराकडील मुलें नाहींशीं होत. प्रथम होळीआधींचा भोंगऱ्या बाजार, मग होळी, आणि मग निरनिराळ्या गांवच्या निरनिराळ्या दिवशीं येणाऱ्या होळ्या. मी हजेरीपत्रकांत त्यांच्या नांवांपुढें 'गैरहजर' लिहीत असें, आणि परत आल्यावर त्यांना उभें करून चार शब्दहि सुनावीत असें.

सेवानिवृत्तीनंतर अशाच एका जुन्या विद्यार्थ्यानें मला बोलाविलें. "गुरुजी, एकदां येऊन तर पाहा," इतकेंच तो म्हणाला. मीं आपल्या परीनें तयारी केली: घोंगडी, विजेरी, पाण्याची बाटली आणि एक कोरी वही. त्याच्या घरीं पोंचलों तेव्हां त्याची तयारी दिसली. त्यानें मला खाट दिली. स्वतः भुईवर बसला. पांच दिवस तो खाटेवर बसला नव्हता, पायांत वहाण नव्हती, स्नान वर्ज्य, आणि जेवण स्वतःच्या हातचें. या व्रतास पाळणी म्हणतात.

"पायांना चटके बसत नाहींत का रे?" मीं विचारलें.

"बसतात, गुरुजी. पण नवस बोललेला माणूस वहाण घालीत नाहीं."

रात्र पडूं लागली तशीं डोंगराच्या पायवाटांनीं गांवोगांवचीं माणसें उतरूं लागलीं. बावा व बुध्या यांचा वेष घेतलेले गडी पुढें; डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, अंगावर पांढरे ठिपके, कमरेस घुंगरें आणि सुकलेले भोपळे. प्रत्येक पथकाचा ढोल निराळा. ढोलाचा ठेका, घुंगरांचा नाद आणि मधूनच पाव्याची लकेर, असें सारें एका मैदानांत मिसळूं लागलें. मी सवयीनें पुढची जागा शोधूं लागलों. पण तेथें पुढची जागाच नव्हती. व्यासपीठ नाहीं, पडदा नाहीं. नाचणाऱ्यांचें रिंगण फिरे, आणि पाहतां पाहतां पाहणारे त्यांत मिळून जात. उंच बांबूचा होळीचा दांडा उभा राहिला. पहाटे होळी पेटली, तेव्हां माझ्या वहींत जेमतेम चार ओळी उतरल्या होत्या.

परंतु मला हवें असलेलें उत्तर मिळालें होतें. पोथी टिकते ती कोणीतरी तिची नक्कल करतो म्हणून. हा ढोल टिकला तो दरवर्षीं कोणीतरी भुईवर निजतो, अनवाणी चालतो, म्हणून. तयारी ही येथें उत्सवाची पूर्वपीठिका नसून तीच त्याची बखर आहे. एका पिढीनें पाळणी सोडली तर पुढच्या पिढीस ती वाचावयास कोठेंहि मिळणार नाहीं.

आतां तेथें शहरांतून पुष्कळ मंडळी छायाचित्रें घेण्यास जातात. अवश्य जावें. मात्र ज्याचें व्रत चालू आहे त्याला आपल्या सोयीसाठीं थांबवूं नये, आणि बोलाविल्यावांचून रिंगणांत शिरूं नये, एवढी माझी विनंती आहे.

निघतांना माझा विद्यार्थी हंसून म्हणाला, "गुरुजी, आतां तरी हजेरी लावाल ना?"

तीं हजेरीपत्रकें आतां माझ्या हातीं नाहींत. म्हणून ही दुरुस्ती मी आपणां सर्वांसमक्ष नोंदवीत आहें: फाल्गुनांत माझे ते विद्यार्थी गैरहजर नव्हते.